साडेतीन मीटरचं अंतर

८ ऑगस्ट २०२४, गुरुवार. पॅरिसमध्ये अजून संध्याकाळ होती, पण भारतात मध्यरात्र व्हायला पाचच मिनिटं होती. एरवी दहाच्या ठोक्याला दिवे मालवणारी घरंही त्या रात्री जागी होती. आदल्याच दिवशी विनेश फोगाट अवघ्या १०० ग्रॅम जादा वजनामुळे अंतिम फेरीतून बाद झाली होती आणि त्या धक्क्यातून देश सावरला नव्हता. त्या संध्याकाळी हॉकी संघानं स्पेनला नमवून कांस्यपदक आणलं, तेवढाच दिलासा. सुवर्ण मात्र एकही नव्हतं. ते आणण्याची जबाबदारी सगळ्यांनी मनोमन एकाच माणसाच्या खांद्यावर टाकून ठेवली होती : नीरज चोप्रा.

आणि तसं वाटायला कारणही होतं. दोन दिवसांपूर्वी पात्रता फेरीत नीरज आला, एकच फेक केली, भाला ८९.३४ मीटरवर जाऊन पडला आणि सामान आवरून तो निघून गेला. बाकीचे तिथं घाम गाळत होते. मग अंतिम फेरी म्हणजे केवळ उपचार, असं कुणाला वाटलं तर त्याचा दोष नाही.

पहिल्या फेरीत नीरजची फेक फाऊल ठरली. पाकिस्तानच्या अर्शद नदीमचीही. दुसऱ्या फेरीत अर्शद धावत आला आणि त्याच्या हातून भाला सुटला तेव्हाच स्टेडियममधल्या जाणकारांना काहीतरी वेगळं घडतंय हे कळलं असावं. भाला उतरायचं नावच घेईना. फलकावर आकडा उमटला तो ९२.९७ मीटर. नॉर्वेच्या आंद्रेआस थोरकिल्डसेननं २००८ मध्ये बीजिंगला केलेला ९०.५७ मीटरचा ऑलिम्पिक विक्रम त्या एका फेकीनं जवळजवळ अडीच मीटरनं मागे पडला होता.

त्याच फेरीत नीरजची पाळी आली. समोर असा आकडा लागलेला असताना भल्याभल्यांचे पाय जड होतात. नीरजनं ८९.४५ मीटर फेकले. त्यावेळपर्यंतच्या त्याच्या कारकिर्दीतली ती दुसऱ्या क्रमांकाची फेक. आणि तरीही ती साडेतीन मीटरनं कमी पडली. नेमकं सांगायचं तर ३ मीटर ५२ सेंटिमीटरनं. पुढच्या चारही फेकी फाऊल गेल्या. अर्शदनं शेवटच्या प्रयत्नातही ९१.७९ मीटर फेकून दाखवले, म्हणजे दुसरी फेक चुकून लागलेली नव्हती, हेही सिद्ध केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या टपरीपासून लोकलच्या डब्यापर्यंत एकच वाक्य ऐकू येत होतं : नीरज हरला. आणि कुणाकडून हरला, हे त्याहून मोठ्या आवाजात.

नीरज हरला म्हणजे काय झालं?

थोडा हिशेब मांडून पाहू. आज जो भाला वापरात आहे तो पुरुषांसाठी १९८६ साली आला. तेव्हापासून पॅरिसच्या आधी नऊ ऑलिम्पिक झाली. त्यातल्या पाच ऑलिम्पिकमध्ये नीरजची ही ८९.४५ मीटरची फेक सुवर्णपदकाला पुरली असती. सोल, अटलांटा, अथेन्स, लंडन आणि टोकियो. लंडनमध्ये तर २०१२ साली ८४.५८ मीटरवर सुवर्ण मिळालं होतं. खुद्द नीरजनं टोकियोत देशाला ॲथलेटिक्समधलं पहिलं सुवर्ण मिळवून दिलं, ते ८७.५८ मीटरवर. पॅरिसमधला नीरज टोकियोतल्या नीरजपेक्षा जवळजवळ दोन मीटर पुढे होता. एवढंच की पुढे असणं त्या रात्री पुरेसं नव्हतं.

१९८६ साली नवा भाला का आणावा लागला, ही कथाही मोठी मजेची आहे. पूर्व जर्मनीच्या उवे होननं १९८४ मध्ये बर्लिनला भाला १०४.८० मीटर फेकला. टाळ्या वाजवून झाल्यावर अधिकाऱ्यांच्या पोटात गोळा आला. मैदान संपत आलं होतं! आणखी कुणी एवढा जोर लावला तर भाला पलीकडच्या धावपट्टीवर उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावर जायचा. शिवाय जुना भाला तरंगत जाऊन पुष्कळदा आडवाच टेकायचा आणि टोक आधी लागलं की नाही यावरून वाद व्हायचे. म्हणून भाल्याचा गुरुत्वमध्य चार सेंटिमीटर पुढे सरकवण्यात आला. आता भाला लवकर नाक खाली करतो आणि टोकावर उतरतो. वजन पूर्वीचंच, ८०० ग्रॅम. लांबी २.६० ते २.७० मीटर. अंतरं मात्र एका झटक्यात घसरली.

या नव्या भाल्याचा बादशहा म्हणजे चेकोस्लोव्हाकिया आणि नंतर चेक प्रजासत्ताकाचा यान झेलेझ्नी. १९९२, १९९६ आणि २००० अशी सलग तीन ऑलिम्पिक सुवर्णपदकं. १९९६ मध्ये जर्मनीतल्या येना इथं त्यानं केलेला ९८.४८ मीटरचा जागतिक विक्रम अजून कुणाला मोडता आलेला नाही. गंमत पाहा, ज्याच्यामुळे भाला बदलावा लागला तो होन २०१८ मध्ये नीरजचा प्रशिक्षक होता आणि ज्याच्या नावावर नव्या भाल्याचा विक्रम आहे त्या झेलेझ्नीला नीरजनं २०२४ च्या अखेरीस आपला प्रशिक्षक नेमलं. पानिपतजवळच्या खंडरा गावातल्या मुलाला भालाफेकीच्या इतिहासातली दोन्ही माणसं गुरू म्हणून लाभली!

पानिपत म्हटलं की मराठी वाचकाच्या मनात वेगळीच कळ उमटते. तर त्याच पानिपतातल्या मैदानावर नीरजच्या हाती पहिल्यांदा भाला आला आणि त्या मैदानाचं नाव आहे शिवाजी स्टेडियम. मुलगा एकत्र कुटुंबात लाडाकोडात वाढलेला, दूध-तुपावर गुबगुबीत झालेला. अंगात कुर्ता घालून निघाला की गावातली पोरं त्याला 'सरपंच' म्हणून चिडवायची. वजन उतरावं म्हणून काकांनी त्याला पानिपतला व्यायामाला धाडलं. तिथं कुणीतरी भाला फेकताना दिसलं, यानंही फेकून पाहिला आणि वजन कमी करण्याचा मुद्दा बाजूलाच राहिला.

अर्शदची गोष्ट सीमेपलीकडच्या पंजाबातली. खानेवाल जिल्ह्यात मियां चन्नू नावाचं गाव आहे, त्याच्या जवळचं खेडं. वडील गवंडीकाम करणारे, घरात खाणारी तोंडं पुष्कळ. उंचापुरा पोरगा वेगवान गोलंदाज व्हायची स्वप्नं पाहत होता. पाकिस्तानात दुसरं काय पाहणार? पण शाळेच्या मैदानी स्पर्धांत त्याच्या खांद्यातली ताकद शिक्षकांच्या नजरेत भरली आणि चेंडूऐवजी भाला हाती आला. सुरुवातीला स्पर्धेसाठी बाहेरगावी जायचं तर गावकरी आणि नातेवाईक पैसे गोळा करून द्यायचे.

नीरजचा जन्म डिसेंबर १९९७ चा, अर्शदचा त्याच वर्षीच्या जानेवारीतला. म्हणजे अर्शद जेमतेम वर्षभरानं मोठा.

आठ वर्षांचा पाठलाग

फेब्रुवारी २०१६ मध्ये गुवाहाटीला दक्षिण आशियाई स्पर्धा झाल्या. नीरजनं ८२.२३ मीटर फेकून सुवर्ण घेतलं, अर्शद ७८.३३ मीटरवर तिसरा. दोघंही तेव्हा पोरसवदा. २०१८ मध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत हे अंतर वाढलं. नीरज ८८.०६, अर्शद ८०.७५. सात मीटरहून जास्त फरक. पण तिथलं एक छायाचित्र आजही लोकांच्या लक्षात आहे. पदकाच्या चौथऱ्यावर गळ्यात सुवर्ण घातलेला नीरज कांस्यवाल्या अर्शदचा हात हातात घेऊन उभा आहे. दोघांच्या चेहऱ्यावर एकाच शाळेतल्या दोन मुलांसारखं हसू.

टोकियोत अर्शद पाचवा आला. त्यानंतर काय झालं, ते आठवण्यासारखं आहे. नीरजनं एका मुलाखतीत सहज सांगितलं की फेकीआधी आपला भाला सापडत नव्हता, तो अर्शदच्या हातात होता, मागितल्यावर त्यानं दिला. झालं! सोशल मीडियावर लोकांनी त्यातून कटकारस्थान शोधून काढलं. शेवटी नीरजला स्वतः खुलासा करावा लागला. स्पर्धेत मांडलेले भाले सगळ्या खेळाडूंना वापरता येतात, हा नियम आहे. अर्शद त्या भाल्यानं सराव करत होता, त्यात वावगं काही नाही. माझं नाव घेऊन असलं काही पसरवू नका, असं त्यानं बजावलं. तेवीस वर्षांच्या, नुकतंच सुवर्ण जिंकलेल्या मुलानं दाखवलेली ही समज मोठ्यांनाही शिकण्यासारखी होती.

२०२२ मध्ये दुखापतीमुळे नीरज राष्ट्रकुल स्पर्धेला जाऊ शकला नाही. बर्मिंगहॅमला अर्शदनं ९०.१८ मीटर फेकून सुवर्ण मिळवलं. नव्वदीची वेस ओलांडणारा तो दक्षिण आशियातला पहिला. नीरजचा भाला तेव्हा ८९.९४ वर अडलेला होता, नव्वदीला सहा सेंटिमीटर कमी! पुढच्या वर्षी बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत दोघं पुन्हा समोरासमोर आले. नीरज ८८.१७, अर्शद ८७.८२. सुवर्ण आणि रौप्य यांच्यात फक्त ३५ सेंटिमीटर. शाळकरी मुलाच्या पट्टीहून जरासं जास्त. त्या स्पर्धेत पहिल्या सहांमध्ये तीन भारतीय होते हेही विसरायला नको. किशोर जेना पाचवा आणि डी. पी. मनू सहावा. छायाचित्रकार पुढे सरसावले तेव्हा नीरजनं अर्शदला हाक मारून आपल्या शेजारी उभं केलं.

नीरजच्या आईला, सरोजदेवींना नंतर कुणीतरी विचारलंच, मुलानं पाकिस्तानी खेळाडूला हरवलं, कसं वाटतं? खेळाडू तो खेळाडू, कुठून आला याला काय महत्त्व, असं उत्तर देऊन त्या मोकळ्या झाल्या.

आणि पॅरिसला पाच महिने उरले असताना अर्शदनं एक गोष्ट जगाला सांगितली. आंतरराष्ट्रीय दर्जाचा एकच भाला आपण सात-आठ वर्षं वापरतोय आणि आता तो खराब झालाय. त्यावर सगळ्यात आधी बोलणाऱ्यांत नीरज होता. एवढ्या दर्जाच्या खेळाडूला भाल्यासाठी झगडावं लागतं यावर विश्वास बसत नाही, असं तो म्हणाला. पाच महिन्यांनी याच माणसानं आपलं सुवर्ण हिरावून नेलं तेव्हाही त्याला त्या बोलण्याचा पश्चात्ताप झाल्याचं ऐकिवात नाही.

पॅरिसला आलेलं पाकिस्तानचं पथक अवघं सात खेळाडूंचं होतं. त्या देशाला १९९२ नंतर ऑलिम्पिकचं एकही पदक मिळालेलं नव्हतं आणि वैयक्तिक सुवर्ण तर कधीच नाही. तोपर्यंत कुठल्याही मोठ्या स्पर्धेत अर्शदनं नीरजला मागे टाकलेलं नव्हतं. टाकलं ते थेट ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत.

पाच लाल झेंडे

मग नीरजच्या सहापैकी पाच फेकी फाऊल का गेल्या? हे समजायला भाला कसा फेकतात ते थोडं पाहायला हवं. खेळाडू चार मीटर रुंदीच्या पट्टीवरून धावत येतो. शेवटच्या काही पावलांत तो शरीर आडवं करून तिरक्या पावलांनी पुढे सरकतो, भाला धरलेला हात पूर्ण मागे ताणलेला असतो. मग उजव्या हाताचा खेळाडू डावा पाय पुढे टेकवून एकदम अडवतो. धावण्याचा सगळा वेग त्या पायावर आदळतो आणि कमरेतून, खांद्यातून, कोपरातून भाल्यात उतरतो. गोफणीतून धोंडा सुटावा तसा भाला ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगानं सुटतो. या ओढाताणीत सगळ्यात आधी बळी जातो कोपराचा. नीरजच्या कोपरावर २०१९ मध्ये मुंबईत शस्त्रक्रिया झाली आणि ते अख्खं वर्ष गेलं. अर्शदचं कोपर आणि गुडघाही शस्त्रक्रियेतून सुटले नाहीत.

भाला सुटल्यावर शरीर थांबायला हवं, कारण समोर पांढरी रेषा असते. तिला पाय, हात काहीही लागलं की लाल झेंडा. बहुतेक खेळाडू फेक झाल्यावर एका पायावर तोल सावरतात. नीरज तसं करत नाही. तो सगळं अंग भाल्यामागे झोकून देतो आणि दोन्ही हातांवर जमिनीवर पडतो. पाहायला देखणं, पण रेषेपासून पुरेसं मागे पाऊल पडलं नाही तर महागात जाणारं. धावण्याचा ताल रोजचा असला की ते पाऊल आपोआप जागेवर पडतं. पॅरिसमध्ये तो ताल बसलाच नाही, हे नीरजनं नंतर कबूल केलं. जांघेतल्या जुन्या दुखण्यानं त्याला वर्षभर छळलं होतं. फेकताना निम्म्याहून जास्त लक्ष त्या दुखऱ्या जागेकडेच राहतं, असं तो म्हणाला. ज्या खेळात शेवटच्या पावलाला डाव्या पायावर सर्वस्व सोपवायचं असतं, तिथं पाऊल टाकायचीच धास्ती असेल तर रेषा पाळणार कशी? अशा अवस्थेत एक फेक ८९.४५ वर गेली, याचंच नवल करायला हवं.

खरं तर त्या रात्री हळहळ करायची तर चेक प्रजासत्ताकाच्या याकुब वाडलेचबद्दल करायला हवी होती. ग्रेनाडाच्या अँडरसन पीटर्सनं ८८.५४ मीटरवर कांस्य घेतलं आणि वाडलेचचा भाला ८८.५० वर पडला. चार सेंटिमीटरनं त्याचं पदक गेलं. एकेकाळी भालाफेक म्हणजे फिनलंड, जर्मनी, चेक अशा युरोपीय देशांची घरची शेती. पॅरिसच्या चौथऱ्यावर एकही युरोपीय नव्हता. पाकिस्तान, भारत आणि सव्वा लाखभर वस्तीचं ग्रेनाडा.

निकाल लागल्यावर खंडऱ्यात सरोजदेवींपुढे पुन्हा माइक आले. रौप्य मिळालं याचा आनंद आहे, ज्यानं सुवर्ण जिंकलं तोही आपलाच मुलगा आहे, असं त्या म्हणाल्या. तिकडे मियां चन्नूजवळच्या खेड्यात अर्शदची आई रझिया परवीन सांगत होत्या, नीरज मला मुलासारखाच, त्याच्यासाठीही मी दुवा मागितली. दोघींपैकी कुणी कुणाला भेटलेलं नव्हतं. कुणी शिकवून पाठवलेलंही नव्हतं. दोन्ही देशांतल्या लोकांनी ते व्हिडिओ इतके पाहिले की त्या रात्रीच्या फेकींपेक्षा या दोन बायकांची चर्चा जास्त झाली.

अर्शदचं गावी जे स्वागत झालं त्याचं वर्णन काय करावं! पंजाबच्या मुख्यमंत्र्यांनी दहा कोटी पाकिस्तानी रुपये आणि नवी मोटार दिली. मोटारीचा क्रमांक होता ९२.९७. सासऱ्यांनी आपल्या पद्धतीनं कौतुक केलं. त्यांनी जावयाला म्हैस भेट दिली. गावाकडे म्हशीइतकी मानाची भेट दुसरी नाही, हे आपल्याकडच्या वाचकांना वेगळं सांगायला नको.

त्यानंतर

गोष्ट इथं थांबली असती तर छान झालं असतं. २०२५ च्या एप्रिलमध्ये नीरजनं बंगळुरूला आपल्या नावाची भालाफेक स्पर्धा भरवायचं ठरवलं आणि जगातल्या नामांकित खेळाडूंबरोबर अर्शदलाही निमंत्रण धाडलं. त्याला दोन दिवस होतात न होतात तोच २२ एप्रिलला पहलगामचा भयंकर हल्ला झाला. देश संतापानं पेटला आणि निमंत्रणाची तारीखवार न पाहता लोक नीरजवर तुटून पडले. त्याच्या देशप्रेमावर शंका घेतली गेली, आईलाही सोडलं नाही. निमंत्रण हल्ल्याआधीचं आहे, आता अर्शदनं येण्याचा प्रश्नच नाही, असं नीरजनं जाहीर केलं. त्या निवेदनात एक वाक्य मनाला लागणारं होतं. वर्षापूर्वी आईच्या साधेपणाचं कौतुक करणारेच आज तिला बोल लावतायत, अशा अर्थाचं. अर्शदनंही सरावाचं कारण देऊन आधीच नकार कळवला होता.

मे महिन्यात दोह्याला नीरजचा भाला एकदाचा नव्वदीच्या पलीकडे गेला. ९०.२३ मीटर. ज्या आकड्यासाठी पत्रकारांनी त्याला वर्षानुवर्षं भंडावलं होतं तो अखेर आला आणि तिथंही जर्मनीच्या युलियन वेबरनं शेवटच्या फेरीत ९१.०६ टाकून पहिला क्रमांक पळवला. त्याच दोह्यात त्याला अर्शदविषयी विचारलं गेलं. आम्ही कधी फार जवळचे मित्र नव्हतो आणि आता पूर्वीसारखं राहणार नाही, असं त्यानं सांगितलं. जकार्तातलं ते छायाचित्र आठवणाऱ्यांना हे ऐकताना जड गेलं असेल. पण लष्कराचा गणवेश अंगावर असलेल्या या मुलाकडे त्या दिवसांत दुसरं उत्तर तरी कोणतं होतं?

सप्टेंबर २०२५ मध्ये टोकियोत जागतिक स्पर्धा भरली. ज्या शहरानं नीरजला सुवर्ण दिलं तिथंच दोघं पॅरिसनंतर पहिल्यांदा एका मैदानावर उतरले. दोन्ही देशांतल्या वाहिन्यांनी महायुद्धाची तयारी करावी तशी जाहिरातबाजी केली होती. प्रत्यक्षात नीरज ८४.०३ मीटरवर आठवा आणि अर्शद ८२.७५ वर दहावा. सुवर्ण गेलं त्रिनिदादच्या केशॉर्न वॉलकॉटकडे, ८८.१६ मीटरवर. हा तोच वॉलकॉट, ज्यानं २०१२ मध्ये लंडनचं सुवर्ण जिंकलं होतं, तेव्हा तो १९ वर्षांचा होता.

सगळे कॅमेरे या दोघांवर रोखलेले असताना उत्तर प्रदेशातल्या बागपत जिल्ह्याच्या खेकडा गावचा एक उंच तरुण चौथा आला. सचिन यादव. तोही आधी क्रिकेट खेळायचा. त्याची त्या दिवशीची ८६.२७ मीटरची फेक त्याच्या आयुष्यातली सर्वोत्तम होती आणि ती नीरज, अर्शद, वेबर या सगळ्यांपेक्षा लांब गेली. कांस्यपदक अमेरिकेच्या कर्टिस थॉम्पसननं ८६.६७ मीटरवर घेतलं. सचिनला कमी पडले ते ४० सेंटिमीटर.